हातमोज्याच्या आत : प्रस्तावना

स्की शिकायला निघालेला माणूस तयारी सुरू करतो ती गुडघ्यांपासून. महिनाभर आधी जिने चढतो, उठाबशा काढतो, ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन करून 'झेपेल ना?' असं विचारतो. मग बूट. मग जॅकेट, गॉगल, हेल्मेट. हातमोज्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तीही बहुतेक वेळा टंगमर्गच्या बाजारात, गुलमर्गचा घाट लागण्याआधी, गाडी रस्त्याच्या कडेला उभी असताना. दुकानदार ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने देतो आणि त्यांच्यासोबत ढिगातून हातमोज्यांची एक जोडी काढून पुढे करतो. ती जोडी काल कुणाच्या तरी हातात होती आणि काल बर्फ पडत होता.

शिकाऊ मंडळी उतारावरून वेळेआधी परततात ती फार कमी वेळा पाय थकले म्हणून. बोटं दुखायला लागतात, काठी धरवत नाही, बूट स्कीला अडकवणाऱ्या बाइंडिंगची कळ दाबता येत नाही, आणि मग सगळं लक्ष उतारावरून उडून दहा बोटांवर येतं. शिकवणारा सांगतो गुडघे वाकवा, नजर समोर ठेवा. शिकणारा मनात म्हणत असतो, जेवणाची सुट्टी कधी होणार. त्या तासात तो काही शिकत नाही, हे कुणीही प्रशिक्षक सांगेल.

अशा वाचकांसाठी हे छोटं पुस्तक आहे. लिहिलं आहे लेखकांनी, माझी आहे ती फक्त प्रस्तावना. विषय एवढाच : स्की किंवा स्नोबोर्ड करताना हात उबदार आणि कोरडे कसे ठेवायचे. एवढ्याशा विषयाला अख्खं पुस्तक कशाला, असं विचारणारे भेटतील. त्यांनी निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे किती मोठी बातमी होते ते आठवावं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की ते पाहायला लोक पहाटे गाड्या काढतात. अशा मुलखातल्या माणसाला शून्याखाली दहा अंशांत चार तास उघड्यावर काढायचं ज्ञान घरातून मिळत नाही. आजीच्या बटव्यात त्यावर काही नाही. गुलमर्ग, औली, सोलंग इथे दर हिवाळ्यात मराठी बोलणं आता ऐकू येतं, आणि टोरांटो किंवा झ्युरिकला स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलं शाळेबरोबर स्कीला जाऊ लागली की आईबाप प्रथमच हातमोज्यांच्या दुकानात गोंधळून उभे राहतात. ते गोंधळतात कारण दुकानात हातमोजा विकायला असतो, ऊब नसते. पुस्तकाचा सगळा रोख याच मुद्द्यावर आहे, आणि तो पटावा म्हणून मी इथे थोडं लांबण लावणार आहे.

हातमोजा ऊब तयार करत नाही. आत जी ऊब येते ती अडवून धरणं एवढंच त्याचं काम. मग ती येते कुठून? मांडीला, पोटरीला, दंडाला स्वतःचे भक्कम स्नायू आहेत. हालचाल केली की ते तापतात. बोटांत असे स्नायू जवळपास नाहीतच. बोटं वाकवणारे, सरळ करणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या हातात बसलेले असतात आणि तिथून कंडरांच्या दोऱ्यांनी बोटं ओढतात. म्हणजे बोट स्वतः काही पेटवू शकत नाही. त्याच्याकडे येणारी सगळी ऊब रक्तातून येते, छाती-पोटातून निघून दंडातून, मनगटातून, शेवटच्या पेरापर्यंत.

आणि हा पुरवठा शरीर वाटेल तेव्हा बंद करतं. बोटांच्या टोकांत धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणारे बारीक आडमार्ग दाट असतात. शरीराला उष्णता टाकायची असते तेव्हा ते उघडतात आणि हात गरम, लालसर होतात. धड गार पडायला लागलं की ते मिटतात. टंचाईच्या दिवसांत नगरपालिका शेवटच्या गल्लीचं पाणी आधी तोडते, तसा हा प्रकार आहे. हृदय, यकृत, मेंदू यांना ऊब पुरली पाहिजे, करंगळीचं नंतर बघू. सर टॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी 1930 साली या व्यवस्थेतली एक गमतीची गोष्ट नोंदवली. बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर पाच-दहा मिनिटं ते गार होत जातं, मग एकाएकी रक्त परत येतं, बोट थोडं तापतं, पुन्हा मिटतं, पुन्हा उघडतं. ही उघडझाप बोटाला काही काळ वाचवते. पण ती सगळ्यांची सारखी नसते, आणि धड आधीच गारठलेलं असेल तर ती मंदावते. म्हणजे तिच्या भरवशावर राहायचं तरी धड गरम हवंच.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण हातमोज्यांवर नाहीच. ते बनियन, मान आणि सकाळच्या नाश्त्यावर आहे. वाचक चकित होतील, पण क्रम बरोबर आहे. हात गार पडले की आपण हातांकडे बघतो, खरं तर बघायला हवं ते छातीकडे. एक पातळ लोकरी थर अंगात घातला, मफलरऐवजी मानेला घट्ट बसणारी लोकरी नळी घातली, हेल्मेटखालून वारा शिरत नाही ना हे पाहिलं, की महागडे मोजे न घेताही बोटं बरीच सुधारतात. उपाशीपोटी लिफ्टच्या रांगेत उभं राहणाऱ्याची बोटं सगळ्यात आधी पांढरी पडतात. मनगट हे आणखी एक विसरलेलं ठिकाण. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, आणि नेमकी तिथेच जॅकेटची बाही वर सरकते, मोजा खाली घसरतो आणि दोन बोटं रुंदीची उघडी पट्टी उरते. या पट्टीवरून गार होऊन गेलेलं रक्त बोटांना काय ऊब देणार?

रमचा एक घोट घेतला की हातात गरमी येते, हा समज आपल्याकडे फौजेतून आलेल्या काका-मामांनी पक्का केला आहे. गरमी येते हे खरं आहे. दारूने कातडीजवळच्या वाहिन्या सैल होतात, गरम रक्त बाहेर येतं आणि शरीर आपली शिल्लक हवेत उधळतं. थोड्या वेळाने माणूस आधीपेक्षा जास्त गारठतो, आणि तोवर त्याला ते कळेनासंही झालेलं असतं. सिगारेटचं उलटं : निकोटिन वाहिन्या आवळतं, त्यामुळे लिफ्टच्या पायथ्याशी ओढलेली एक सिगारेट बोटांचा पुरवठा तेवढा वेळ कमी करते. काहींच्या बोटांना थोडीशी थंडीही सोसत नाही. ती आधी पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होतात. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टराने 1862 साली त्याचं वर्णन केलं आणि त्याचंच नाव या विकाराला पडलं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. ज्यांना फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढतानाही असं होतं त्यांनी बर्फाच्या सहलीआधी डॉक्टरांशी बोलावं. तिथे नुसते जाड मोजे पुरत नाहीत.

आता मोज्याची जाडी. पैसे जास्त, अस्तर जाड, ऊब जास्त, असं साधं गणित आपण करतो. सपाट गोष्टीला ते लागू पडतं, बोटाला पडत नाही, कारण बोट ही बारीक नळकांडी आहे. तिच्याभोवती थर चढवत गेलं की बाहेरचा घेरही वाढत जातो आणि उष्णता बाहेर पडायला तेवढी जास्त जागा मिळते. आठ मिलिमीटर त्रिज्येच्या बोटाभोवती 8 मिलिमीटरऐवजी 16 मिलिमीटर जाड अस्तर घातलं तर उष्णता अडवण्याची ताकद दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपटीच्या थोडी पुढे जाते. आणि तोवर मोजा इतका बोजड झालेला असतो की काठी धरायला मूठ आवळावी लागते. मूठ आवळली की अस्तर चेपतं. अस्तरात ऊब धरणारी असते ती कोंडलेली हवा, चेपलेल्या अस्तरात हवा नाही. शिवाय बोटातलं रक्तही दाबलं जातं. नवशिका भीतीने काठ्या करकचून धरतो, त्याचे हात याच कारणाने गार पडतात, मोजे कितीही चांगले असोत.

यावर उपाय जुना आहे : चार बोटं एकाच खोळीत आणि अंगठा वेगळा, ज्याला मिटन म्हणतात. बोटं एकमेकांना लागून राहतात, थंड हवेला टेकणारा पृष्ठभाग कमी होतो, आत मूठ मिटून बोटं तळव्यात घेता येतात. त्याच जाडीचा पाच बोटांचा मोजा मिटनइतका गरम कधीच होत नाही. दोन बोटं एका कप्प्यात, दोन दुसऱ्यात आणि अंगठा तिसऱ्यात, असा मधला प्रकारही मिळतो. त्याला खेकड्याची नांगी म्हणून हसतात, पण तो बऱ्याच जणांना सोयीचा पडतो. मापाबद्दल लेखकांचं एक वाक्य मी अधोरेखित केलं आहे. दुकानात हातात छान चपखल बसणारा मोजा बर्फावर लहान असतो. बोटांच्या टोकाशी थोडी पोकळी हवी.

पण थंडी हा हातांचा मोठा शत्रू नव्हेच. मोठा शत्रू ओल. पुस्तकातला सगळ्यात लांब भाग ओलीवर आहे आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. अस्तरातल्या हवेच्या जागी पाणी बसलं की मोजा ऊब अडवायच्या ऐवजी ती बाहेर काढून द्यायला लागतो. वर ते पाणी वाऱ्याने वाळू लागलं की आणखी ऊब ओढून घेतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 जूल लागतात, म्हणजे शंभर ग्रॅम पाण्याचं तापमान पावणेसहा अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता. चमचाभर घामाचा हा हिशेब बोटांच्या अंगावर किती येत असेल याचा अंदाज करावा.

आणि हो, घामाचाच. मोजा बाहेरून भिजतो अशी आपली समजूत असते. पहिल्या दिवशी तो बहुधा आतून भिजतो. तळहात ही शरीरात घर्मग्रंथी सर्वाधिक दाट असलेल्या जागांपैकी एक आहे, आणि त्या नुसत्या उकाड्याने पाझरत नाहीत. भीतीने, ताणाने पाझरतात. परीक्षेच्या हॉलमध्ये पेन घसरतं ते यामुळेच. नवशिका उताराच्या टोकाशी उभा राहून खाली बघतो तेव्हा बाहेर उणे आठ असलं तरी त्याचे तळवे ओले झालेले असतात. त्यात तो सकाळी जड बूट घालून, खांद्यावर स्की टाकून, सगळे कपडे आणि सगळे मोजे चढवून लिफ्टपर्यंत चालत आलेला असतो. तेव्हाच अस्तर दमट झालं. पुढचे चार तास तो ओल्या फडक्यात हात गुंडाळून फिरणार. म्हणून नियम असा : चालताना, स्की वाहताना, चढताना पातळ मोजे, जाड मोजे जॅकेटच्या आत पोटाशी, आणि थांबल्यावर, गार पडायच्या आधी, ते घालायचे. तहान लागल्यावर विहीर खणून इथे चालत नाही. एकदा गारठलेलं बोट मोज्यात घातलं तर मोजा त्याचा गारठाच इमानाने सांभाळून ठेवतो.

बाहेरच्या ओलीचं गणित तापमानावर आहे, आणि ते आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. उणे पंधराला पडणारा बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो, मोज्यावर पडला की झटकून टाकता येतो. गुलमर्गची जगभर ख्याती आहे ती याच बर्फासाठी. मार्चमध्ये ऊन तापलं, पारा शून्याच्या आसपास आला की बर्फ पाणीदार होतो आणि मोज्याला चिकटून आत शिरतो. उणे पंधराच्या दिवशी हात ठणठणीत आणि शून्याच्या दिवशी काकडलेले, असं होऊ शकतं. लोक नेमके अशा उन्हाच्या दिवशी फाटके मोजे घालतात. स्नोबोर्डवाल्यांची कथा आणखी वेगळी. त्यांच्या हाती काठ्या नसतात, पण ते बर्फात बसून पट्टे बांधतात, हाताने रेटा देऊन उठतात, पडताना तळवे टेकतात. शिकाऊ बोर्डरचा मोजा तळव्याकडून दोन दिवसांत झिजतो आणि भिजतो. त्याला तळव्यावर चामडं, लांब मनगट आणि शक्य तर मनगटाला आधार देणारं संरक्षक कवच हवं, कारण नवशिक्या बोर्डरची हाडं मोडतात ती मनगटात.

गुलमर्गचं मैदान साधारण 2,650 मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवटच्या धारेवर 3,950 मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश असा उतार धरला तरी काही मिनिटांत माणूस आठेक अंश जास्त थंडीत पोचतो, आणि वर वारा असतो. वाऱ्याचा हिशेब पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकनांनी अंटार्क्टिकात मांडला. नळकांड्यातलं पाणी किती वेळात गोठतं ते त्यांनी मोजलं आणि 1945 मध्ये प्रसिद्ध केलं. आज वापरतात ते 2001 साली सुधारलेलं सूत्र. त्याप्रमाणे उणे 10 अंश आणि ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला उणे 20 इतका गारठा लागतो. स्की करणारा हा वारा स्वतःच तयार करतो, हवा शांत असली तरी. वारा न शिरणारा मोजा घातलेल्या हाताला हा आकडा लागू नाही. मोजा काढताक्षणी मात्र लागू होतो.

कापडचोपडाचं प्रकरण लेखकांनी भरपूर मेहनतीने लिहिलं आहे, मी त्यातलं थोडंच सांगतो. चामडं अजून हरलेलं नाही. स्वीडनमधल्या हेस्त्रा गावी 1936 साली लाकूडतोड्यांसाठी मोजे शिवायला सुरुवात झाली, पुढे स्कीवाले गिऱ्हाईक झाले, आणि आजही त्या गावाच्या नावाचे चामडी मोजे स्कीच्या जगात मानाने वापरले जातात. अमेरिकेतल्या स्की-केंद्रांवर लिफ्ट चालवणारे कामगार डुकराच्या कातड्याचे साधे, स्वस्त कामाचे मोजे घेतात, त्यांना मधमाशीच्या मेणाचा लेप तापवून मुरवतात आणि हिवाळा काढतात. दिवसभर दोर आणि लोखंड हाताळणाऱ्या माणसाची निवड म्हणून मी तिला जाहिरातीपेक्षा जास्त मान देतो. दुसरीकडे 1969 साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ तापवून झटक्यात ताणला आणि त्यातून पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पापुद्रा निघाला. आज चांगल्या मोज्यांत असा पापुद्रा बसवलेला असतो. तो चमत्कार नव्हे. बाहेरचं कापड चिंब झालं की वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही, पाणी आत न शिरताही हात घामाने ओला होतो, आणि दुकानदार म्हणतो मोजा गळत नाही. त्याचं खरं असतं, आपलंही खरं असतं. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप अधूनमधून नव्याने दिला तर हा प्रश्न बराच कमी होतो, आणि ते कुणी करत नाही.

आतल्या पातळ मोज्यासाठी लोकर किंवा रेशीम. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल धागा ओला न लागता पिऊन घेते. सुती मोजे घरीच ठेवावेत. ते घाम शोषतात आणि मग सोडत नाहीत. ट्रेकला सुती बनियनने काय होतं हे सह्याद्रीत पावसाळी भटकलेल्यांना सांगायला नको.

ज्या काश्मीरमध्ये आपण हे सगळे सोपस्कार घेऊन जातो, तिथल्या लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता, आणि तोही हातमोज्यांशिवाय. 21 डिसेंबरला चिल्ला-ए-कलां हा चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो, पाठोपाठ वीस आणि दहा दिवसांचे सौम्य काळ येतात. या दिवसांत माणसं फेरन घालतात, सैल, गुडघ्यापर्यंत लांब, रुंद बाह्यांचा. हात बाहीतून आत ओढून घेता येतात. आणि आत कांगडी : मातीचं मडकं, त्याभोवती वेताची विणलेली टोपली, मडक्यात निखारे. शरद ऋतूत गळलेल्या चिनारच्या पानांचा कोळसा करून तो हिवाळाभर पुरवतात. कांगडी हातांना शेक देते, पण तिचं मोठं काम पोटाशी चालतं. धड गरम राहतं, म्हणून हात गरम राहतात. शरीरशास्त्राने जे प्रयोगशाळेत सिद्ध केलं ते या टोपलीत आधीपासून होतं. मात्र तिचं गुणगान करणाऱ्या पर्यटकांनी दुसरी बाजूही ऐकावी. विल्यम एल्म्सली या मिशनरी डॉक्टरांनी 1866 साली काश्मिरी रुग्णांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध वर्षानुवर्षांच्या कांगडीच्या शेकाशी जोडला. पुढच्या डॉक्टरांनीही तो मान्य केला. आजही वैद्यकाच्या पुस्तकात तो कांगडी कॅन्सर याच नावाने भेटतो.

कांगडीची आजची धाकटी भावंडं म्हणजे गरम पुड्या. त्यांत लोखंडाची भुकटी, मीठ, सक्रिय कोळसा आणि थोडं पाणी असतं. पुडी फोडली की हवेतल्या ऑक्सिजनने लोखंड गंजतं आणि गंजताना तापतं. अशा एकदाच वापरायच्या पुड्या जपानमध्ये 1970 च्या दशकात बाजारात आल्या आणि जगभर गेल्या. घट्ट मोज्यात कोंबलेली पुडी गार पडते कारण तिला हवाच मिळत नाही. अफरवटच्या माथ्यावर तर हवा आधीच विरळ. पुडी दहा मिनिटं आधी फोडून खिशात तापवावी, हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवावी आणि उघड्या कातडीला थेट लावू नये. तळव्यात ठेवली तर काठीच्या दाबाने चेपते. बॅटरीवर तापणारे मोजेही आता मिळतात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतल्या सैनिकांना विजेवर तापणारे कपडे आणि हातमोजे देत, त्याचेच हे वंशज. रेनोचा त्रास असणाऱ्यांना ते वरदान आहेत. बाकीच्यांनी आधी बनियन आणि मान यांवर खर्च करावा, असं माझं मत.

मोजे कितीही चांगले असले तरी ते हातात असावे लागतात. 3 जून 1950 रोजी मॉरिस हेर्झोग आणि लुई लाशनाल 8,091 मीटर उंच अन्नपूर्णेच्या शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणूस पोचल्याची ती पहिली वेळ. उतरताना हेर्झोगने सॅक उघडायला मोजे काढून खाली ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते, अशा प्रसंगी हातात घालण्यासाठीच ठेवलेले. विरळ हवेने सुन्न झालेल्या डोक्यात ते आलंच नाही. पुढे त्याची बोटं कापावी लागली. गुलमर्गला कुणी अन्नपूर्णा चढत नाही, पण मोजे काढायची कारणं तिथे हवी तेवढी आहेत. सगळ्यात मोठं कारण फोन. अफरवटवरून नंगा पर्वत दिसला की एक फोटो, मग घरच्यांना व्हिडिओ कॉल, मग दुसऱ्या कुणाचा फोटो. मोजा काखेत धरलेला असतो आणि नजर पडद्यावर. मोज्याला मनगटाची दोरी लावणं लहान मुलांचं काम वाटतं. हिमालयात काम करणारी मोठी माणसं ती लावतात.

एवढं करूनही बोटं पांढरी पडली, टणक लागली, संवेदना गेली, तर काय? दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी समजूत. वरवर गारठलेलं बोट काखेत किंवा सोबत्याच्या पोटाशी धरलं तर काही मिनिटांत परत येतं, आणि येताना अशी कळ मारतं की ब्रह्मांड आठवावं. ही कळ शुभ आहे. हात जोरात गोल फिरवले, गोफणीसारखे, की रक्त बोटांकडे फेकलं जातं. युक्ती विनोदी दिसते, पण उपयोगी आहे. बर्फाने चोळणं मात्र कटाक्षाने टाळावं. बर्फाने चोळायच्या सल्ल्याचा इतिहास मोठा आहे. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने 1812 च्या रशियाच्या स्वारीत पाहिलं की गोठलेले सैनिक रात्री शेकोटीला हातपाय तापवतात, सकाळी पुन्हा चालताना ते पुन्हा गोठतात आणि सडतात. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. त्याने आगीऐवजी बर्फाने चोळायला सांगितलं आणि हा उपाय शंभरहून अधिक वर्षं पुस्तकांतून फिरत राहिला. आजचा उपचार उलटा आहे : 37 ते 39 अंशांच्या पाण्यात हात बुडवून पटकन गरम करायचा, पण पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. नाहीतर तसाच झाकून खाली डॉक्टरांकडे. बुखारीवर, म्हणजे खोलीतल्या शेगडीवर, शेकायचा नाही, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही आणि भाजून निघतं. अतिगंभीर गोठण्यावर इलोप्रॉस्ट या औषधाला अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळाली. बोटं कापण्याची वेळ टाळता यावी यासाठी ते आहे. पण ते वेळेत दिलं तरच, आणि वेळ ही गोष्ट डोंगरावर नेहमी कमी असते.

रात्रीचं प्रकरण शेवटचं आहे आणि आळशी माणसांनी ते आधी वाचावं. ओला मोजा बुखारीच्या नळीवर टांगला की चामडं कडक होऊन चिरतं, पापुद्रा सुटतो, आणि सकाळी तो बाहेरून कोरडा, आतून दमटच असतो. अस्तर वेगळं काढता येत असेल तर काढावं, बोटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घालावेत, तासाभराने बदलावेत, आणि खोलीच्या उबेत, आगीपासून दोन हात दूर ठेवावेत. पातळ लोकरी मोजे अंथरुणात अंगाशी घेऊन झोपलं की सकाळपर्यंत वाळतात. जोडीदाराची हरकत असेल तर ती त्याने काढावी.

लेखकांशी माझा एका बाबतीत वाद आहे आणि तो हस्तलिखिताच्या दोन वाचनांनंतरही मिटलेला नाही. त्यांच्या मते नवशिक्याने पाच बोटांचे मोजे घ्यावेत, कारण त्याला दिवसभर बकलं लावायची, सोडायची असतात आणि मिटनमध्ये ते जमत नाही. मी म्हणतो पहिल्या दिवसापासून मिटन. जमत नाही म्हणून तो मोजा काढतो हे मान्य, पण आत पातळ लोकरी मोजा असेल तर मिटन निघालं तरी हात उघडा पडत नाही. शिवाय ही गोष्ट सरावाने येते. गुलमर्गला निघायच्या आठवडाभर आधी, पुण्यात किंवा नाशकात, पंखा लावून बसावं, जाड मिटन चढवावं आणि ट्रेकिंगच्या बुटाची नाडी, सॅकचं बकल, जॅकेटची चेन अशी सगळी कामं त्यातच करून बघावीत. चेनला दोरीचा फास बांधला की ओढता येते. बकल अंगठा आणि तळव्याच्या कडेने दाबलं की लागतं. नाडीचं मात्र काही खरं नाही.